रक्तविकारांवरील संशोधकाचे काम सायटेशनच्या आकड्यावरून जोखावे का?

पेठकर (धागाकर्ता)

नमस्कार. आमच्या आजोबांच्या स्मरणार्थ आम्ही कुटुंबीय पुण्यात एक लहानसा न्यास चालवतो. रक्ताच्या विकारांवर काम करणाऱ्या महाराष्ट्रातील एका तरुण संशोधकाला आम्ही दरवर्षी पुरस्कार देतो. रक्कम मोठी नाही. परंतु ज्याला तो मिळतो त्याच्या एका परिषदेचा प्रवासखर्च त्यातून निघतो. आजवर निवडीचे काम आमच्या ओळखीचे एक ज्येष्ठ डॉक्टर करीत असत. यंदा प्रकृतीच्या कारणाने ते थांबले आहेत, आणि सदाशिव पेठेतल्या आमच्या दिवाणखान्यात आता एक निवृत्त बँक अधिकारी (म्हणजे मी), एक वकील आतेभाऊ आणि वहिनी असे तिघे अकरा अर्जांचा गठ्ठा पुढे घेऊन बसलो आहोत.

प्रत्येक अर्जाच्या पहिल्याच पानावर शोधनिबंधांची संख्या, एकूण सायटेशन आणि 'एच-इंडेक्स' असे तीन आकडे दिलेले आहेत. एका अर्जदाराचा एच-इंडेक्स २३ आहे आणि दुसऱ्या अर्जदार बाईंचा ६. आतेभावाचे मत असे, की आपल्याला विषयातले काही कळत नाही, तेव्हा मोठ्या आकड्याला पुरस्कार देऊन मोकळे व्हावे. मी बँकेत तीस वर्षे ताळेबंद वाचले आहेत, आणि केवळ उलाढालीचा आकडा पाहून कर्ज मंजूर केलेल्या शाखाधिकाऱ्यांचे पुढे काय होते हेही पाहिले आहे. त्यामुळे जाणकारांना विचारावेसे वाटले: हे आकडे नेमके काय सांगतात, आणि कोणत्या बाबतीत ते गप्प राहतात?

सहाशेसोळा

एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात बरीच वर्षे काढल्यामुळे मूलभूत भाग मी सांगतो. रक्ताविषयी बोलण्याचा अधिकार इतरांचा आहे.

एखाद्या शोधनिबंधाचा उल्लेख नंतरच्या निबंधाच्या संदर्भसूचीत झाला, की ते एक सायटेशन झाले. कोणी कोणाचा आधार घेतला याची अशी पद्धतशीर नोंद ठेवावी ही कल्पना युजीन गारफिल्ड यांनी १९५५ मध्ये 'सायन्स'मधील लेखात मांडली आणि १९६४ पासून त्यांच्या संस्थेने 'सायन्स सायटेशन इंडेक्स' काढण्यास सुरुवात केली. ग्रंथपालाला पुढचे साहित्य शोधून देता यावे हा त्यामागचा एक मुख्य हेतू होता. म्हणजे हे मुळात वाट शोधण्याचे साधन होते. त्याचा तराजू पुढे झाला.

'इम्पॅक्ट फॅक्टर' हा नियतकालिकाचा आकडा असतो, संशोधकाचा नव्हे. आधीच्या दोन वर्षांत त्या नियतकालिकात आलेल्या निबंधांना चालू वर्षी सरासरी किती सायटेशन मिळाली, एवढेच तो सांगतो. ही सरासरी थोड्या गाजलेल्या निबंधांमुळे फुगते आणि त्याच अंकातला शेजारचा निबंध कोणी उघडलेलाही नसतो. तेव्हा एखाद्याने अर्जात इम्पॅक्ट फॅक्टरांची बेरीज करून दिली असेल, तर ती बेरीज सरळ सोडून द्यावी.

आणखी एक दक्षता घ्या. गूगल स्कॉलर प्रबंध, पूर्वप्रती (छापण्याआधीचे मसुदे), परिषदांतील टिपणे असे सर्व काही मोजतो, तर स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स या सूची मुख्यतः निवडक नियतकालिके मोजतात. त्यामुळे एकाच व्यक्तीचा आकडा गूगल स्कॉलरवर बहुधा जास्त दिसतो. अकरा अर्जांपैकी कोणी कोठला आकडा दिला आहे हे पाहिल्याशिवाय तुलनाच करता येणार नाही. एकाने वजन कपड्यांसकट सांगावे आणि दुसऱ्याने कपड्यांविना, तसे ते होईल.

लसावि

एच-इंडेक्सचे गणित सोपे आहे. कॅलिफोर्नियातील भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हिर्श यांनी २००५ मध्ये तो सुचवला. समजा एका संशोधकाचे पाच निबंध आहेत आणि त्यांना अनुक्रमे ४०, १८, ९, ४ आणि २ सायटेशन मिळाली आहेत. किमान चार सायटेशन मिळवणारे चार निबंध आहेत, किमान पाच मिळवणारे पाच नाहीत. म्हणून एच-इंडेक्स ४. आता गंमत पाहा. पहिल्या निबंधाची सायटेशन ४० वरून ४००० झाली तरी एच-इंडेक्स ४ च राहतो. एकच थोर निबंध लिहिणारा माणूस या मापात खुजा दिसतो, आणि ठराविक ठशाचे निबंध नेमाने छापणारा उंच.

हा आकडा कधीही कमी होत नाही, वयाबरोबर वाढत जातो, त्यामुळे पंचेचाळिशीचा आणि बत्तिशीचा अर्जदार शेजारी ठेवून चालत नाही. शिवाय तो विषयागणिक बदलतो. हिर्श यांच्या मूळ लेखातच भौतिकशास्त्रातील एडवर्ड विटन यांचा आकडा ११० आणि जीवशास्त्रातील सॉलोमन स्नायडर यांचा १९१ दिला आहे. यावरून स्नायडर विटन यांच्याहून पावणेदोनपट मोठे ठरत नाहीत, जीवशास्त्रात संदर्भ अधिक दिले जातात एवढेच ठरते. रक्तविज्ञानाच्या आतही तोच प्रकार आहे. ल्युकेमियाच्या जनुकांवर जगभर हजारो प्रयोगशाळा काम करतात; नंदुरबारच्या आदिवासी पाड्यांतील सिकलसेलवर काम करणारे हाताच्या बोटांवर मोजता येतील. ज्या गल्लीत माणसेच कमी, तिथे उल्लेख करणार कोण?

काचपट्टी

मी पॅथॉलॉजीत चाळीस वर्षे काढली असून आता निवृत्त आहे. लसावि यांच्या शेवटच्या वाक्याला धरून पुढे लिहितो, कारण रक्ताच्या क्षेत्रात सायटेशनचा हिशेब विशेष फसवा ठरतो असा माझा अनुभव आहे.

पुण्यातल्या पुष्कळशा रक्ततपासणी अहवालांवर हल्ली 'मेंटझर इंडेक्स' नावाची एक ओळ छापून येते. तांबड्या पेशीचे सरासरी आकारमान भागिले तांबड्या पेशींची दशलक्षांतील संख्या. भागाकार १३ पेक्षा कमी आला तर थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराच्या वाहकाचा संशय घ्यायचा, जास्त आला तर लोहाच्या कमतरतेचा. आकारमान ६२ आणि संख्या ५.८ असेल तर उत्तर १०.७ येते, आणि आम्ही त्या व्यक्तीला हिमोग्लोबिनची पुढची तपासणी करायला सांगतो. ही चाळणी आहे, निदान नव्हे, आणि ती चुकतेही. तरीही पिंपरी कॅम्पातील सिंधी कुटुंबांसारख्या, थॅलेसेमियाचे वाहक अधिक आढळणाऱ्या समाजांत लग्नाआधी वा गरोदरपणाच्या सुरुवातीला या एका भागाकाराने किती जणांना सावध केले असेल, याची गणती नाही. विल्यम मेंटझर यांनी ही गोष्ट १९७३ मध्ये 'लॅन्सेट'मधील एका छोट्या टिपणात मांडली. रोज सकाळी यंत्र हजारो अहवालांवर तो भागाकार करते, आणि त्यातले एकही सायटेशन म्हणून कोठे नोंदले जात नाही.

याहून मोठे उदाहरण कार्ल लँडस्टायनर यांचे. व्हिएन्नात १९०१ मध्ये त्यांनी रक्तगटांचा निबंध प्रसिद्ध केला आणि १९३० मध्ये त्यांना नोबेल मिळाले. आज कोणत्याही रक्तपेढीत पिशवी जुळवून पाहताना त्यांचेच काम वापरले जाते. पण रक्तगटांवर नवा निबंध लिहिणारा त्यांचा संदर्भ देत बसत नाही, कारण ते ज्ञान आता सर्वांचे झाले आहे. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी या प्रकाराची नोंद केली आहे: शोध जितका पूर्णपणे पचतो, तितके त्याच्या मूळ निबंधाचे नाव घेणे बंद होते. सिकलसेल हा रेणूचा आजार आहे हे पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये दाखवले. त्या हिमोग्लोबिनमध्ये केवळ एका अमिनो आम्लाची अदलाबदल आहे हे इंग्रम यांनी १९५७ पर्यंत सिद्ध केले. आज हे वाक्य बारावीच्या पुस्तकात कोणत्याही संदर्भाविना येते.

आपल्या घरचे उदाहरणही द्यायला हवे. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी मुंबईत आढळलेल्या एका वेगळ्याच रक्तगटाविषयी १९५२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये दोन पानांचे टिपण लिहिले. तोच 'बॉम्बे ब्लड ग्रुप'. या व्यक्तींच्या तांबड्या पेशींवर 'एच' प्रतिजनच (रक्तगट ओळखण्याची एक खूण) नसते. साध्या तपासणीत त्या 'ओ' गटाच्या वाटतात, पण 'ओ' गटाचे रक्तही त्यांना चालत नाही. लेखकांत देशपांडे आणि भाटिया ही मुंबईची नावे आहेत, तशीच रेस, सँगर, मॉर्गन, वॉटकिन्स ही इंग्लंडमधील नावेही आहेत. दोन पाने! आज एखाद्या तरुणाने असे टिपण लिहिले, तर निवड समिती त्याला 'हा पूर्ण शोधनिबंध धरता येत नाही' असे म्हणून गुण कापेल, हे मी स्वतः अशा समित्यांत बसून पाहिले आहे.

ल्युसी विल्स या इंग्रज डॉक्टरांचेही तसेच. मुंबईतील गिरणीकामगार स्त्रियांना गरोदरपणात होणाऱ्या तीव्र पांडुरोगाचे कारण शोधायला त्या १९२८ मध्ये भारतात आल्या. यीस्टपासून बनणाऱ्या मार्माइट या स्वस्त पदार्थाने हा पांडुरोग बरा होतो असे त्यांना आढळले आणि १९३१ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले. तो घटक कोणता हे त्यांना सांगता आले नव्हते. पुढे तेच फोलेट ठरले. आज प्रसूतिगृहात फोलिक आम्लाची गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरांपैकी कितींना हे नाव ठाऊक असेल? तेव्हा पेठकर, एच-इंडेक्स ६ असलेल्या आपल्या बाईंचा अर्ज बाजूला सारण्याआधी तो वाचून पाहा.

मध्यमपुरुष

काचपट्टी यांनी दिलेली उदाहरणे सुरेख आहेत, पण ती सारी ज्यांचे मोठेपण काळाने सिद्ध केले अशांची आहेत. कमी सायटेशन असलेला प्रत्येक जण लँडस्टायनर नसतो. बहुतेकांची सायटेशन कमी असतात, कारण त्यांच्या कामात उल्लेख करण्याजोगे फारसे नसते. आकडे नाकारले की उरते काय? ओळख, शिफारसपत्र, 'अमुक सरांचा विद्यार्थी', आणि अमक्या महाविद्यालयातली जुनी मैत्री. मी स्वतः अशा एका निवडीत डावलला गेलो आहे आणि तेथे आकडा विचारला गेला असता तर निदान प्रश्न तरी विचारता आला असता. आकडा आंधळा असतो हे खरे. परंतु तो मामाचा भाचा ओळखत नाही, हा त्याचा गुणही मानावा.

सिंहगडपायथा

मध्यमपुरुष यांचा मुद्दा मला पटतो, आणि तरीही मी याच रांगेतली उमेदवार (पीएचडी, शेवटचे वर्ष; या पुरस्काराला अर्ज केलेला नाही, हे आधीच सांगते) असल्याने आकडा भाच्याला कसा ओळखतो ते सांगते.

मोठ्या प्रयोगशाळेत शिरलेल्या विद्यार्थ्याचे नाव वीस-वीस लेखकांच्या निबंधांत मधोमध येते. त्याने नमुने गोळा केलेले असतात. कधी तेवढेही नाही. प्रत्येक निबंधाची सर्व सायटेशन मात्र त्याच्या नावावर पूर्णच्या पूर्ण जमा होतात, वाटणी होत नाही. वैद्यकीय निबंधात सामान्यतः पहिल्या नावाने प्रत्यक्ष काम केलेले असते आणि शेवटचे नाव मार्गदर्शकाचे असते. म्हणून २३ वाल्या अर्जदाराचे किती निबंध पहिल्या नावाने आहेत ते आधी मोजा.

दुसरे असे, की आढावा लेख आणि वर्गीकरणाचे मसुदे यांना मूळ संशोधनापेक्षा सायटेशन सहज अधिक मिळतात. ल्युकेमियासारख्या विकारांचे जागतिक आरोग्य संघटनेचे वर्गीकरण २०१६ मध्ये 'ब्लड' या नियतकालिकात सुधारून आले, आणि त्यानंतर ज्याने ज्याने रुग्णांची मालिका छापली त्याने त्याचा उल्लेख केला. ते योग्यच आहे; पण ती हजारो सायटेशन दिशादर्शक पाटीला मिळालेली आहेत.

तिसरे, उल्लेख म्हणजे मान्यता नव्हे. रक्तस्राव झालेल्या वा अत्यवस्थ रुग्णाला शिरेतून देण्याच्या स्टार्चयुक्त द्रावावर योआखिम बोल्ड्ट या जर्मन भूलतज्ज्ञांचे अनेक निबंध होते आणि ते भरपूर उद्धृत होत. २०११ मध्ये नैतिक समितीची मान्यता नसल्याच्या कारणावरून त्यांचे ऐंशीहून अधिक निबंध मागे घेण्यात आले. २०१३ मध्ये झारिचान्स्की आणि सहकाऱ्यांनी ३८ चाचण्यांचा एकत्रित अभ्यास केला. त्यातून बोल्ड्ट यांच्या ७ चाचण्या वगळताच तो द्राव दिलेल्या रुग्णांत मृत्यूचे आणि मूत्रपिंड निकामी होण्याचे प्रमाण अधिक असल्याचे दिसून आले. त्या सात निबंधांची सायटेशन त्यांच्या लेखकांच्या एच-इंडेक्समध्ये चांगले काम म्हणूनच मोजली गेली होती.

चौथी गोष्ट आपल्या नावांची. पबमेड या वैद्यकीय निबंधांच्या सूचीत कुलकर्णी, जोशी, पाटील यांचा एक एक महासागर आहे. आडनाव आणि एक आद्याक्षर एवढ्यावर कोण कोणते हे परमेश्वरालाही सांगता येणार नाही. त्यातून लग्नानंतर आडनाव बदललेल्या स्त्रीचे आधीचे निबंध एका खात्यात आणि नंतरचे दुसऱ्या खात्यात पडतात. २०१२ पासून प्रत्येक संशोधकाला 'ऑर्किड' नावाचा सोळा अंकी क्रमांक घेता येतो, तो याच गोंधळावरचा उपाय आहे. पण जुने निबंध त्याला जोडण्याचे काम ज्याचे त्यालाच करावे लागते, आणि प्रसूतिरजेवरून परतलेल्या बाईला ते सुचतेच असे नाही.

सहाशेसोळा

मध्यमपुरुष यांच्या आक्षेपाला पुण्यातच एक उत्तर घडले आहे, ते नोंदवतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने नेमणुका आणि पदोन्नती वशिल्याने होऊ नयेत म्हणून निबंधांना गुण देण्यास सुरुवात केली आणि मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादीही केली. हेतू निष्पक्षतेचाच होता. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी या यादीतील, विद्यापीठांनी सुचवलेल्या नियतकालिकांची छाननी करून २०१८ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये निष्कर्ष मांडला, की तपासलेल्यांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक नियतकालिके कमी दर्जाची असू शकतात. पैसे भरा, आठवड्यात छापून घ्या, असा तो बाजार होता. त्यातूनच २०१९ मध्ये मान्य नियतकालिकांची 'केअर' ही नवी यादी आली आणि तिचे काम याच विद्यापीठाकडे होते. ती यादीही २०२५ मध्ये बंद करण्यात आली. मोजमाप आले, की मोजमापापुरते पीक काढणारेही येतात. वशिला गेला नाही, त्याने फक्त पावती घ्यायला सुरुवात केली.

आकडे पूर्णपणे टाकून द्या असे कोणी शहाणा म्हणत नाही. २०१२ च्या डिसेंबरमध्ये सॅन फ्रान्सिस्कोत जमलेल्या संपादकांनी आणि संशोधकांनी जो जाहीरनामा केला, त्याचा मुख्य आग्रह इतकाच होता, की नियतकालिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून व्यक्तीच्या कामाची किंमत करू नये, प्रत्यक्ष काम वाचावे.

पेठकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. एवढी उत्तरे येतील असे वाटले नव्हते. पण एक अडचण राहते. 'काम वाचावे' हे खरे, तथापि आम्हा तिघांना ते वाचून कळणार कसे?

काचपट्टी

अर्जदारांनाच कामाला लावा. प्रत्येकाला आपला एकच निबंध निवडून पाठवायला सांगा, आणि सोबत एक पान मराठीत: प्रश्न काय होता, त्यात माझे स्वतःचे काम कोणते, आणि यामुळे कोणत्या रुग्णाच्या वा प्रयोगशाळेच्या व्यवहारात काय बदलले किंवा बदलू शकेल. ज्याला आपले काम एका पानात वहिनींना समजावता येत नाही, त्याने ते खरोखर केले आहे का याची शंका घ्यायला जागा आहे. (माझ्या एका विद्यार्थ्याने असे पान लिहिताना आपला निष्कर्ष चुकल्याचे स्वतःच ओळखले होते.)

निबंध कोठे छापला याने बिचकू नका. पुण्यातील के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुणे परिसरातील ४४१ मध्यमवयीन पुरुषांमध्ये ब-१२ जीवनसत्त्व मोजले आणि ६७ टक्क्यांमध्ये ते कमी आढळले. २००६ मधला हा निबंध भारतीय फिजिशियनांच्या संघटनेच्या नियतकालिकात आला, परदेशातल्या बड्या नियतकालिकात नव्हे. इथल्या फिजिशियनने तो वाचणे अधिक गरजेचे होते, आणि तो तिथेच छापला गेला.

रुग्णांवरील चाचणीचा दावा असेल, तर भारतीय क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत ती नोंदवलेली आहे का ते पाहा. ही नोंदवही २००७ पासून आहे, सर्वांना खुली आहे, आणि चाचणी कोणाच्या नेतृत्वाखाली कोठे चालली आहे हे त्यात लिहिलेले असते. यासाठी डॉक्टर असावे लागत नाही. बँकेत कागद तपासलेला माणूस पुरेसा आहे.

लसावि

आणि आकडे हवेच असतील, तर गेल्या पाच वर्षांतील, पहिल्या नावाच्या निबंधांचे, एकाच ठिकाणाहून काढलेले पाहा, स्वतःच स्वतःला दिलेली सायटेशन वजा करून. ते गुण देण्यासाठी वापरू नका. काही खटकले तर विचारण्यासाठी वापरा. मध्यमपुरुष यांना हवा असलेला प्रश्न विचारण्याचा हक्क त्यातून मिळतो.

मध्यमपुरुष

एवढे झाले तर माझी तक्रार नाही. अर्जदारांची नावे झाकून ती एक-एक पाने वाचा, एवढीच भर घालतो.

पेठकर

तीन आठवड्यांनी लिहितो आहे. अकरापैकी नऊ जणांनी पान पाठवले. वहिनींनी नावांवर कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या आणि आम्ही दोन रविवार वाचन केले. २३ वाल्या अर्जदारांचे पान नीटनेटके होते. त्यांच्या निबंधांपैकी पहिल्या नावाचे तीन निघाले, तिन्ही आढावा लेख. मात्र त्यांतला एक इतका स्पष्ट लिहिलेला आहे, की आतेभावाला सिकलसेल म्हणजे काय ते त्यातूनच समजले. ते आमच्या शेवटच्या तिघांत आहेत.

एच-इंडेक्स ६ असलेल्या बाईही आहेत. त्यांनी निवडलेला निबंध २०१४ सालचा होता आणि अर्जातल्या यादीत तो सापडेना, म्हणून मी आपल्या सिंहगडपायथा यांचे म्हणणे आठवून त्यांना फोन केला. तो माहेरच्या आडनावाने छापलेला होता. त्या नावाखाली आणखी सात निबंध आहेत आणि ते त्यांच्या खात्याला कधी जोडलेच गेले नव्हते. 'अर्जात लिहायला हवे होते का?' असे त्यांनी मलाच विचारले. मी त्यांना सोळा अंकी क्रमांकाविषयी सांगितले. तो त्यांच्याकडे चार वर्षांपासून होता. रविवारी अंतिम बैठक आहे.